नर्मदाबाईचं नाक

पडदा वर जातो तेव्हा समोर आधी धूळ दिसते. पांढरी, मैद्यासारखी मऊ. पत्र्याच्या छपराला जिथं जिथं भोकं पडली आहेत तिथून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या आहेत, आणि त्या काठ्यांवर ती धूळ चढते आहे, उतरते आहे. हा विट्याच्या कुंभारवाड्यातला कृष्णातचा गणपतीचा कारखाना. डावीकडे फळीवर नुसत्या सोंडा मांडलेल्या. उजवीकडे नुसते हात, सगळे आशीर्वाद देणारे. मध्ये उंदरांची रांग, अजून कान न लावलेली. फेब्रुवारी महिना. गणपती यायला चांगले सहा महिने अवकाश आहे, पण गणपती करणाऱ्यांच्या घरी भाद्रपद कधी संपतच नाही.

आणि पार मागच्या कोपऱ्यात, जिथं उजेड सगळ्यात उशिरा पोचतो, तिथं पाटावर पाय पसरून आपली नायिका बसली आहे. रंगूबाई. सत्तरीच्या घरात आलेली, नाकात चमकी, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. तिच्या मांडीवर एक कवटी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच.

कवटीला थोडं थांबू द्या. लाखो वर्षं थांबली आहे, आणखी थोडी थांबेल. आधी बाईंची ओळख करून घेऊ.

रंगूबाईचं माहेर मायणीचं. लग्न होऊन विट्याला आली तेव्हा तिला माती मळता येत होती आणि भाकरी थापता येत होती. दोन्हींत फार फरक नाही असं ती अजून म्हणते. सासू लक्ष्मीबाई मात्र नावाजलेली. गणपतीचा देह कुणीही करावा, पण डोळे आखायला लक्ष्मीबाईच हवी, असा त्या बाईचा दबदबा. पहाटे आंघोळ करायची, ब्रश ओला करायचा आणि तोंडात पाण्याची चूळ धरून मूर्तीसमोर बसायचं. डोळे आखताना बोलायचं नाही हा घरचा नियम, आणि बाईमाणसाला बोलायचा मोह होतोच, म्हणून ही चूळ. दोन्ही डोळे पुरे झाले की अंगणात जाऊन पाणी टाकायचं आणि मगच पहिला शब्द. लक्ष्मीबाईचा पहिला शब्द बहुतेक वेळा शिवी असायचा, कारण चहा झालेला नसायचा.

रंगूबाई ही आखणी शिकली ती फुटक्या खापऱ्यांवर. सासूनं एकेक खापरी तिच्यासमोर टाकावी आणि सुनेनं त्यावर डोळे काढावेत. कितीतरी खापऱ्या अंगणाच्या कोपऱ्यात डोळे उघडे टाकून पडलेल्या असायच्या, शेजारच्या बायका संध्याकाळी तिकडून जायला भ्यायच्या. सासू गेली आणि ब्रश रंगूबाईच्या हातात आला. मग विटा, आटपाडी, पार वडुजापर्यंत मंडळांची माणसं विचारत यायची, की डोळं रंगूमावशीच आखनार न्हवं?

पुढं हाताला कंप सुटला. आधी तो चहाच्या बशीला कळला, मग ब्रशला. एका वर्षी एका मोठ्या मंडळाच्या गणपतीचा उजवा डोळा भक्तांकडे आणि डावा मोदकांकडे बघायला लागला. पोरं हसली, गणपतीही काही बोलला नाही, पण कृष्णातनं पुढच्या हंगामाला डोळ्यांचे पत्र्याचे छाप आणले. छाप लावायचा, फवारणीचं पिस्तूल दाबायचं, की डोळे तयार. कृष्णात काही वाईट मुलगा नव्हे. आईला वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, आई, तू आता फुटलंतुटलं तेवढं बघ, तुझ्यासारखं सांधकाम कुणाला येत नाही. आणि रंगूबाईचा पाट मधल्या उजेडातून उचलून कोपऱ्यात गेला.

दोन हंगाम ती तिथं बसून होती. मोडलेले कान, निसटलेली बोटं, उंदरांच्या तुटक्या शेपट्या. शाडूची माती भिजवायची, भेग बुजवायची, वरून ओलं बोट असं फिरवायचं की जोड कुठं आहे ते करणाऱ्यालाही सापडू नये. त्यांच्या घरातून खंडित वस्तू उंबऱ्याबाहेर गेलेली नाही, हा लक्ष्मीबाईचा दुसरा नियम. सांधकाम ती मन लावून करायची. पण दिवसभरात कुणाशी बोलायची नाही. तोंडात चूळ नसतानाही.

अशात एका दुपारी वडूजच्या कॉलेजातल्या प्रियदर्शनी मॅडम खोका घेऊन आल्या. तिशीतली, चष्मा लावणारी, बोलायला भरभर मुलगी. जीवशास्त्र शिकवायची. लहानपणी वडिलांचा हात धरून येरळेच्या कोरड्या पात्रात दगड गोळा करायची आणि घरी आणून आईच्या मिठाच्या बरणीत ठेवायची, तीच ही. विज्ञान दिनाला कॉलेजात तिनं प्रदर्शन ठरवलं होतं, 'माणूस आला कुठून?' आणि त्यासाठी पुण्याच्या एका संस्थेकडून तिनं एक प्रतिकृती मागून आणली होती. नर्मदेच्या काठी, हथनोरा गावापाशी सापडलेल्या कवटीची. प्लास्टरमध्ये ओतलेली, वर वार्निशचा हात मारलेली. पुण्याहून येताना एसटीच्या वरच्या फळीवर तिला एक भेग गेली होती. तेवढी भेग बुजवून द्या आणि हाडासारखा रंग द्या, एवढंच काम.

कृष्णातनं तिला आईकडे पाठवलं. शेवटची गाडी गाठायची घाई असल्यामुळं प्रियदर्शनीनं एका दमात सगळं सांगून टाकलं: ही कवटी किती जुनी यावर एकमत नाही, पण लाखो वर्षांची नक्की, ही बाईची असावी असं काही अभ्यासकांना वाटतं, भारतात इतका जुना मानवी अवशेष फार दुर्मिळ. रंगूबाई मान हलवत होती. गाडी निघून गेली, खोका मागं राहिला, आणि रंगूबाईच्या मनात तीन गोष्टी राहिल्या. नर्मदा. बाई. फुटकी.

तिनं भेग बुजवली. अर्ध्या तासाचं काम.

मग तिनं कवटी फिरवून बघितली, आणि तिला कळेना की भेगेचं एवढं काय कौतुक. उजवी बाजू बरीच शाबूत होती, भुवईवरचं हाड तर चांगलं जाडजूड. पण डावीकडं थोडा तुकडा सोडला तर काही नाही. नाक नाही, गाल नाहीत, दात नाहीत, जबडा नाही. मॅडम शिकलेल्या, घाईत होत्या, बोलायच्या राहून गेल्या असतील. आणि अशी वस्तू ह्या घरातून बाहेर पाठवायची म्हणजे लक्ष्मीबाई स्वर्गातून चहा टाकून खाली आली असती.

म्हणून रंगूबाईनं शाडू भिजवला.

रोज कृष्णातचं काम संपलं की ती त्या बाईकडे वळायची. डावी बाजू उजवीवरून मापून उभी केली. गाल बसवले. हनुवटी दिली. नाकापाशी आल्यावर अडली, कारण नाकाला माप कुठलं घ्यायचं? तिला एकाच बाईचं नाक पाठ होतं. सरळ, लांब, शेवटाला किंचित खाली झुकलेलं, दुसऱ्याच्या चुका हुंगणारं. ते दिलं. आणि शेवटी एका पहाटे तिनं आंघोळ केली, चूळ धरली, आणि कृष्णात उठायच्या आत जुना ब्रश काढून डोळे आखले. हात हलला नाही. का हलला नाही ते तिला कळलं नाही आणि तिनं ते शोधलंही नाही. अंगणात जाऊन पाणी टाकलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, चहा होईपर्यंत धीर न निघून, तिच्या तोंडून सासूसारखी शिवी निघाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्रियदर्शनी कवटी न्यायला आली. कृष्णातही हात पुसत मागं येऊन उभा राहिला. रंगूबाईनं वरचं फडकं दोन बोटांत धरलं आणि नववधूचा पदर बाजूला करावा तसं उचललं.

एक बाई प्रियदर्शनीकडं बघत होती. भरल्या गालांची, मिटल्या ओठांची, करारी नाकाची. डोळे तर असे, की आत्ता पापणी लवेल.

"कुंकू तेवढं ऱ्हायलंय," रंगूबाई म्हणाली. "मालक हाय का न्हाई ते तुमी सांगितलं न्हवतं."

प्रियदर्शनी उंदरांच्या रांगेशेजारी खालीच बसली. "मावशी, ही बाई जाऊन लाखो वर्षं झाली."

"मग मालक बी गेला असंल," रंगूबाई समजुतीनं म्हणाली. "न लावलेलं बरं."

"आणि हे नाक?"

"आमच्या सासूबाईंचं. चांगलं हुतं, म्हणून दिलं."

प्रियदर्शनीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. मग चष्मा पुसत तिनं अडचण सांगितली, आणि त्या अडचणीचं नाव होतं आबा.

आबा म्हणजे वडूजचे निवृत्त सुभेदार. मिशा अजून ड्युटीवर असलेल्या. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या खुर्चीत बसायचे आणि शेवटी आभारप्रदर्शनाच्या आधी एक प्रश्न विचारायचे, ज्याचं उत्तर कुणाकडे नसायचं. ह्या वर्षी त्यांनी प्रश्न आधीच जाहीर केला होता. माणूस माकडापासून आला हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं शेत माकडांनी दोनदा खाल्लं होतं आणि अशा लोकांशी नातं जोडायची त्यांची तयारी नव्हती. त्यात त्यांच्या फोनवर कुठून तरी आलं होतं की विलायतेत एकदा माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा चिकटवून जगाला चाळीस वर्षं फसवलं. तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं होतं, की जोडकाम दिसलं तर भर सभेत उठून बोलणार आणि पुढच्या वर्षी हे प्रदर्शन होऊ देणार नाही. कॉलेजच्या कमिटीत त्यांचा शब्द चालायचा.

"आणि मी त्यांच्यासमोर हे ठेवू?" प्रियदर्शनी म्हणाली. "सगळंच जोडकाम."

कृष्णातनं छिन्नी सुचवली. मग ग्राइंडर. पण खाली पुण्याचं प्लास्टर होतं, उसनं आणलेलं, आणि शाडू कुठं संपतो नि प्लास्टर कुठं सुरू होतं ते आता कुणालाच दिसत नव्हतं. इतकं सुरेख काम झालं होतं.

रंगूबाईला मात्र मूळ मुद्दाच पटत नव्हता. फुटकी वस्तू लोकांपुढं मांडायची, आणि ती फुटकीच दिसावी म्हणून धडपडायचं, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. अख्खी करून दिली तर पाप काय झालं? प्रियदर्शनी समजावत होती, की नाही त्या जागी नाही असं सांगणं हेच ह्या शास्त्राचं काम आहे. मोठमोठ्या लोकांनीही रिकाम्या जागी आपल्या ओळखीचं नाक बसवलंय आणि पुढं तोंडघशी पडलेत. ह्या कवटीवर तर अजून वाद मिटलेला नाही. कुणी म्हणतं, ही फार जुन्या जातीच्या माणसाची. कुणी म्हणतं, नाही, आपल्या जवळच्या पूर्वजाची. आणि वाद मिटत नाही तो ह्या नसलेल्या भागामुळंच. रंगूबाई ऐकत होती, पण तिचा चेहरा उघडत नव्हता.

मग प्रियदर्शनीनं इकडंतिकडं बघितलं. भिंतीला खिळ्यावर लक्ष्मीबाईनं डोळे आखलेला एक जुना मुखवटा टांगला होता.

"मावशी, समजा हा मुखवटा अर्धा फुटला. आणि कुणी परक्यानं येऊन दुसरा डोळा आखला, आणि लोकांना सांगितलं की दोन्ही डोळे लक्ष्मीबाईंचेच. चालेल तुम्हाला?"

रंगूबाई मुखवट्याकडं बघत राहिली.

"हात तोडीन त्याचा," ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात, "म्हंजी म्या हिच्यात माझं मिसळलं."

पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शाडू पाण्यात विरघळतो. तो विरघळावा म्हणूनच तर वापरायचा. वार्निश लावलेलं प्लास्टर टिकतं. आणि मूर्तीच्या बुडाला रंग द्यायचा नाही ही जुनी रीत तिनं इथंही पाळली होती, म्हणजे पाणी आत शिरायला खालून वाट मोकळी होती. तरी तिनं प्लास्टरचा एक वार्निश केलेला तुकडा डब्यात बुडवून ठेवला आणि जेवणं होईपर्यंत वाट बघितली. तुकडा तसाच राहिला. प्रियदर्शनीनं सुटकेचा श्वास सोडला आणि बादली मागितली.

"आत्ता न्हाई," रंगूबाई म्हणाली. "हितं बुडवली, तर तुमचा आबा म्हननार, बायकांनी घरात काय केलं कुनाला ठावं. त्याच्या म्होरंच बुडवू."

हे कारण खरं होतं. दुसरं कारण तिनं सांगितलं नाही. ते डोळे अजून एक रात्र तिला घरात हवे होते.

दुसरा अंक. वडूजच्या कॉलेजचा हॉल. भिंतीवर तक्ते, टेबलांवर दगड, शिंपले, येरळेत सापडलेली कसलीशी दाढ, जिच्याखाली प्रियदर्शनीनं प्रामाणिकपणे 'बहुधा म्हैस' असं लिहिलं होतं. रंगूबाई कृष्णातच्या टेम्पोतून आली, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली नर्मदाबाई आणि पायांशी बादली. वाटेत मायणीला माहेरच्या कुणीतरी हाक मारून विचारलं, काय घेऊन चाललीस, तर तिनं सांगितलं, सासूबाई.

भाषणं झाली. प्रियदर्शनीनं सांगितलं, की आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही. फार मागं दोघांचा पूर्वज एक होता, तिथून दोन घरं वेगळी निघाली. म्हणजे आपण चुलत.

आबा उठले. सगळा हॉल त्यांच्याकडं वळला, कारण सगळे त्याचसाठी आले होते.

"चुलत म्हंजी भावकीच झाली की," आबा म्हणाले. "तरीच बांधावरनं आत येत्यात."

हॉल हसला. आबाही मिशीतल्या मिशीत हसले, पण मुद्दा सोडणारा माणूस नव्हे. त्यांनी विलायतेतल्या जबड्याची गोष्ट काढली आणि विचारलं, की ह्यात किती खरं आणि किती चिकटवलेलं. प्रियदर्शनी म्हणाली की ती गोष्ट अगदी खरी आहे, आणि ती लबाडी पकडली तीही हाडं तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. तेवढ्यात आबांची नजर टेबलावर गेली. रंगूबाईनं फडकं काढलं होतं.

"बघा," आबा विजयानं म्हणाले. "डोळे सुदीक हायत. लाख वर्सं डोळे टिकत्यात व्हय?"

प्रियदर्शनी काही बोलणार, तोच रंगूबाई टेबलापुढं आली.

"आबा, त्यातलं निम्मं माझं हाय," ती म्हणाली. "चुकून घातलं. हिकडं या, तुमीच बुडवा. जाईल ते माझं, ऱ्हाईल ते तिचं."

सरहद्दीवर उमर घालवलेला माणूस, पण आबा घुटमळले. त्यांनी बादलीकडं बघितलं, मग त्या चेहऱ्याकडं. तो चेहरा त्यांच्याकडंच बघत होता. ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बाईमानसाला असं कसं बुडवू, वैनी?" मग मात्र त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली, बाह्या वर केल्या, आणि दोन्ही हातांनी ती बाई उचलून अलगद पाण्यात सोडली.

रंगूबाईनं बाटलीतल्या पाण्याची चूळ तोंडात घेतली.

कृष्णातनं ते पाहिलं, आणि तो गर्दीतून पुढं आला.

आयुष्यात रंगूबाईनं किती डोळे आखले याची मोजदाद नाही, पण एकही जाताना पाहिला नव्हता. मूर्ती दारातून गेली की गेली. पुढं ढोल, गुलाल, नदी, विहीर, ते सगळं दुसऱ्यांचं. आपलं काम पाण्यात कसं जातं हे ती आज पहिल्यांदा बघत होती. आधी खालून बुडबुडे आले. मग हनुवटी मऊ झाली. मग लक्ष्मीबाईचं नाक, ते तालेवार नाक, एका बाजूला झुकलं आणि आवाज न करता खाली बसलं. डोळे सगळ्यात उशिरा गेले. रंगाचा पापुद्रा क्षणभर पाण्यावर तरंगला, दोन डोळे, चेहरा नसलेले, छताकडं बघत. आणि मग गोल फिरत विरून गेले. रंगूबाईचे गाल फुगलेले होते आणि डोळे भरलेले, पण तोंडातून शब्द यायची सोय नव्हती. लक्ष्मीबाईनं काय हुशार रीत घालून दिली होती.

आबांनी हात घातला आणि ती बाहेर काढली. पाणी निथळत होतं. अर्धी कवटी. जाड भुवई. डावीकडं पोकळी. बुजवलेली भेगसुद्धा पुन्हा उघडी.

आबांनी ती उलटीसुलटी करून बघितली. आत बोट फिरवलं. जोड सापडला नाही, कारण जोड उरलाच नव्हता.

"बास? येवढंच?"

"एवढंच, आबा," प्रियदर्शनी म्हणाली. "आमच्याकडं आहे ते एवढंच. भांडण चाललंय ते ह्याच्यावर."

"अर्ध्या डोक्यावर?" आबा म्हणाले. "आमच्या भावकीत पुऱ्या डोक्याची मानसं हायत, तरी निकाल लागंना." आणि त्यांनी कवटी टेबलावर ठेवली, ती ठेवताना खाली स्वतःचा रुमाल अंथरला.

मान्य मात्र त्यांनी काहीच केलं नाही. माकडाशी नातं नाही म्हणजे नाही. पण फसवाफसवी नाही एवढं त्यांनी भर सभेत सांगितलं, आणि पुढच्या वर्षी प्रदर्शन झालंच पाहिजे, कारण त्यांचे आणखी प्रश्न होते, असंही.

खरी मजा त्यानंतर झाली. एका मुलीनं विचारलं, आजी, ती पुन्हा करता येईल का? रंगूबाईनं खिडकीबाहेर चूळ टाकली, खुर्ची नाकारली, जमिनीवर बसली आणि बादलीच्या तळाला बसलेला शाडू मुठीनं वर काढला. ह्या वेळी रंग नाही, हे तिनं आधीच सांगितलं. हाड हाडाच्या रंगाचं, आणि तिचं ते मातीच्या रंगाचं. ज्याला डोळे असतील त्यानं बघून घ्यावं. प्रियदर्शनी म्हणाली की मोठ्या संग्रहालयांतही असंच करतात, भरलेला भाग वेगळ्या रंगाचा ठेवतात. रंगूबाई म्हणाली, मग तुमी आधीच सांगायचं न्हवं का. हे मात्र अगदी बरोबर होतं, आणि प्रियदर्शनीनं ते कबूल केलं.

मग नाकावरून सभा भरली. एक मुलगा म्हणाला, नाक बसकं हवं, जाड भुवईला तेच शोभेल. दुसरी म्हणाली, कशावरून? तिसऱ्याला जबडा पुढं आलेला हवा होता. प्रत्येकाला प्रियदर्शनी विचारायची, पुरावा काय? आणि रंगूबाई पुरावा असो नसो, नाक करून दाखवायची. बघून झालं की नर्मदाबाई बादलीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. हात कापत होता, पण पसंत पडलं नाही तर पाणी जवळच होतं, त्यामुळं कापणाऱ्या हाताचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिला तर मुळीच नाही. दुपारी आबांनी हळूच येऊन एक नाक सुचवलं. सरळ, रुंद, थोडं लष्करी. करून बघितल्यावर ते हुबेहूब आबांचं निघालं. पोरं हसून लोळली. आबांनी वाकून तो चेहरा दोन्ही बाजूंनी बघितला आणि ते म्हणाले की नातं मान्य नाही, पण बाई खानदानी वाटते.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. प्रदर्शन अजून दोन दिवस होतं. प्रियदर्शनी तक्ते सरळ करत होती. कृष्णात आईजवळ येऊन उकिडवा बसला. मग तो म्हणाला, की काल फडकं उचललं तेव्हा त्यानं डोळे बघितले होते. रेघ कुठंच हलली नव्हती.

"यंदा मंडळाच्या मोठ्या गणपतीचं डोळं तू आख, आई. छाप न्हाई लावत म्या."

रंगूबाई बोटांमधला शाडू काढत राहिली. आनंद झाला की ती नेहमी हात साफ करत बसते, हे कृष्णातला ठाऊक होतं. ती म्हणाली की हात कधी हलतो, कधी हलत नाही, त्याचा भरवसा नाही. पण पहाटे तो शेजारी बसणार असेल तर बघू. मात्र त्यालाही चूळ धरावी लागेल, आणि त्याला ते जमेल असं तिला वाटत नाही. शिवाय पाट मधल्या उजेडात हवा. कोपऱ्यात तिला दिसत नाही.

पाटाला कृष्णात लगेच कबूल झाला आणि म्हणाला, चल, आता निघू, अंधार पडायच्या आत विटा गाठू.

शिपाई सयाजी हॉल झाडायला आला होता. वाटेत आडवी आलेली ती गढूळ पाण्याची बादली त्यानं उचलली आणि मोरीकडं निघाला. रंगूबाई दारापर्यंत पोचली होती, तिथून ती मागं वळली.

"सयाजी, ती बादली वतू नगंस. खाली शाडू बसलाय, उद्या नाकं करायला लागनार हाय मला."